टाडवीन : तीन किंवा त्याहून कमी

जानेवारीच्या शेवटी सरकारचं आकडेवारी खातं नावांचे नवे आकडे जाहीर करतं. त्या दिवशी ओनुन टाडवीन सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कंप्युटरसमोर बसायचा. एरवी निवृत्त झाल्यापासून लोकरीच्या बंडीतच त्याची दुपार व्हायची. देशात हान्सेन किती आणि ओल्सेन किती, असल्या गर्दीत त्याला रस नव्हता. तो चौकटीत आपलं एकच आडनाव टाइप करायचा. गेली दोन वर्षं उत्तर यायचं 'चार', आणि चार म्हणजे दुर्मीळ, दुर्मीळ म्हणजे खानदानी, असा हिशेब करून तो समाधानाने कॉफी ओतून घ्यायचा.

यंदा उत्तर आलं, 'तीन किंवा त्याहून कमी'.

त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. चाराच्या खाली उतरलेल्या नावांचा नेमका आकडा खातं सांगत नाही, कोणाच्या खाजगी गोष्टी उघड होऊ नयेत म्हणून. ओनुनला मात्र त्याचा अर्थ एवढाच लागला की आपण आता मोजायच्याही लायकीचे उरलो नाही. त्याने सरळ खात्याला फोन लावला.

"नेमके किती आहेत तेवढं सांगा," तो म्हणाला.

"तो आकडा देता येत नाही," पलीकडची बाई शांतपणे म्हणाली.

"अहो, पण मी स्वतःच त्यातला एक आहे."

"मग तुम्हाला माहीतच असेल."

माहीत होतंच. चारातला गळालेला मोहरा म्हणजे त्याची मुलगी टूर्डिस. सप्टेंबरात तिचं लग्न झालं. लग्नाच्या जेवणात ओनुनने टाडवीन या नावाच्या उगमावर बावीस मिनिटं भाषण केलं होतं, लोकांच्या ताटातलं मटण थिजलं होतं. पुढच्याच आठवड्यात पोरीने नवऱ्याचं आडनाव लावलं. आणि नवरा कोण, तर हान्सेन. देशात पन्नासेक हजार हान्सेन असतील, त्यात ही आणखी एक जाऊन मिळाली.

"बाबा, फोनवर स्पेलिंग सांगता सांगता माझं अर्धं आयुष्य गेलं," ती म्हणाली होती. "टाडविग नाही, बाडवीन नाही. आता हान्सेन म्हटलं की समोरचा माणूस लिहूनसुद्धा मोकळा."

उरले तिघे. ओनुन स्वतः, वय एकाहत्तर. त्याची बहीण गुडवेग, वय एकोणऐंशी, मुक्काम वृद्धाश्रम. आणि चुलतभाऊ आयविंड, जो पश्चिम किनाऱ्यावर राहायचा, बिनलग्नाचा होता आणि नाताळला फोनवर फक्त अंगठ्याचं चित्र पाठवायचा. यांच्यातून नवा टाडवीन निपजण्याची आशा कोणी वेडासुद्धा धरणार नाही.

ओनुनने एकेचाळीस वर्षं टेलेमार्कमधल्या एका दरीतल्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर माणसं मधमाश्या पाळतात, होडी रंगवतात. याने पूर्वज पाळले, तो नाद नोकरीत असल्यापासूनचाच होता. दरीच्या इतिहास मंडळाचा तो कार्यवाह झाला आणि आपल्या आडनावावर एकशे चाळीस पानं लिहून बसला. शेवटी 'वीन' असलेली शेतांची नावं फार जुनी, समुद्री लुटारूंच्याही आधीची, एवढं त्यातलं खरं होतं. वीन म्हणजे कुरण. राहिला 'टाड'. टाड हा कोणी सरदार असला पाहिजे, असं ओनुनने ठरवून टाकलं. या सरदाराचा उल्लेख कुठल्याही कागदात, दगडावर, गाण्यात सापडत नाही, यावरून तो किती प्राचीन असेल हे दिसतंच, असं त्याने पान बारावर लिहिलं होतं. सरदारापासून ओनुनच्या पणजोबापर्यंत वंश सरळ येत होता, मधली तेराशे वर्षं तेवढी मिळत नव्हती.

पणजोबाचा पुरावा मात्र भक्कम होता. चर्चच्या १८६५ सालच्या वहीत पाद्र्याने वळणदार अक्षरात लिहिलं होतं : हॉल्वोर ओल्सेन टाडवीनऐये. आता 'ऐये' म्हणजे मालकी, हे दरीतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे हॉल्वोर टाडवीनचा मालक. ओनुनने ती ओळ लाकडी थाळीवर फुलापानांच्या नक्षीत रंगवून घेतली आणि थाळी दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगली.

त्या टाडवीनच्या शेतावर तो स्वतः एक दिवसही राहिला नव्हता. तो राहायचा किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शेत ऑस्लोतल्या एका दंतवैद्याच्या मालकीचं होतं, आणि हा दंतवैद्य ईस्टरला येऊन, देखावा जागच्या जागी आहे ना एवढं बघून परत जायचा. जमीन कसायचा, मेंढ्या बघायचा तो वाइदोतास. लिथुएनियाहून अकरा वर्षांपूर्वी बायको युर्गिताला घेऊन आलेला. त्यांच्या तिन्ही मुली इथेच जन्मल्या होत्या आणि दरीचीच बोली बोलायच्या, तीही ओनुनपेक्षा ठसक्यात.

दरीत माणसाला तो राहतो त्या शेताच्या नावाने हाक मारायची जुनी रीत आहे. कागदावरचं आडनाव कागदापुरतं. त्यामुळे दुसऱ्या हिवाळ्यातच वाइदोतासचा 'टाडवीनचा वाइदोतास' झाला होता. ओनुनला मात्र सगळे तोंडावर 'मास्तर' म्हणायचे, आणि पाठीमागे 'दुकानावरचा ओनुन'.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी हा वाइदोतास मास्तरांकडे आला. बूट दारात काढून, हातात युर्गिताने केलेला मधाचा केक आणि एक फॉर्म घेऊन तो सोफ्याच्या अगदी कडेवर टेकला. वर थाळी होतीच.

"मास्तर, एक सही हवी होती," तो म्हणाला.

"कशावर?"

"आमचं आडनाव झेमगूलिस. शाळेत, दवाखान्यात कोणाला म्हणता येत नाही. पोरींना वैताग येतो. पत्रंसुद्धा टाडवीन म्हणूनच येतात. तर म्हटलं, कागदावरही तेच करून टाकावं."

"काय करून टाकावं?"

"टाडवीन. आमचं पाचही जणांचं."

ओनुनने केकचा तुकडा खाली ठेवला. दोनशेच्या आतली माणसं लावतात ते आडनाव कायद्याने राखीव असतं आणि ते घ्यायचं तर लावणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते, हे त्याला पाठ होतं. शेत स्वतःच्या मालकीचं असतं तर गोष्ट वेगळी, पण वाइदोतास पडला कूळ.

"तिघांच्या सह्या लागतील," ओनुन म्हणाला. माणसाला लांब पळवून दमवावं, असा त्याचा बेत होता.

"दोन झाल्या. गुडवेगकाकूंकडे आम्ही रविवारी जाऊन आलो. त्या म्हणाल्या, घेऊन टाका, मी वापरून झालं. आणि आयविंडदादांनी अंगठा पाठवला, मग कागदही पाठवला."

ओनुनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दीड हजार वर्षांचं नाव, आणि ते बहिणीने जुना स्वेटर द्यावा तसं देऊन टाकलं होतं.

"वाइदोतास, माणूस तुम्ही कष्टाळू आहात, त्याबद्दल वाद नाही," तो वर्गातल्या आवाजात म्हणाला. "पण नाव म्हणजे पाटी नव्हे, उचलली आणि दाराला ठोकली. त्याच्यामागे रक्त असतं. तुम्ही त्या शेतावर राहता, बरोबर. पण राहणं वेगळं आणि असणं वेगळं."

"मग तुम्ही कुठे असता, मास्तर?" वाइदोतासने विचारलं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

"मी विचार करून कळवतो," ओनुन म्हणाला. 'विचार करतो' म्हणजे दरीत 'नाही', हे अकरा वर्षांत वाइदोतासला कळलेलं होतं. तरी तो फॉर्म टेबलावर ठेवून गेला.

खरं तर सही न करणं एवढंच पुरेसं होतं. पण ओनुनला नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं, त्याला ते शास्त्राच्या आधाराने म्हणायचं होतं. इतिहास मंडळाची वार्षिक सभा तीन आठवड्यांवर होती. त्याने विद्यापीठातल्या नावांच्या अभ्यासक सूलब्यॉर्ग रोनेस्टाड यांना व्याख्यानाचं निमंत्रण धाडलं. विषय : टाडवीन या नावाचा उगम. सोबत एकशे चाळीस पानं आणि थाळीचा फोटो जोडला. बाईंनी दोन ओळींत होकार कळवला आणि 'थाळी फारच बोलकी आहे' असं लिहिलं. ओनुन ते पत्र आठवडाभर खिशात घेऊन हिंडला.

सभेला गावच्या सभागृहात साठेक माणसं आली. बरीचशी आंबट सायीच्या लापशीसाठी आली होती, आणि हे ओनुन सोडून सगळ्यांना माहीत होतं. बाहेर गुडघाभर बर्फ पडला होता. वाइदोतासने ट्रॅक्टरने वाट मोकळी केली आणि बूट झटकून तो मागे दाराशी उभा राहिला. अध्यक्षीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "वाट साफ केल्याबद्दल टाडवीनचे आभार." ओनुन सवयीने अर्धा उठला. सगळे मागे दाराकडे बघून टाळ्या वाजवत होते. तो खुर्ची सरकवायला उठल्यासारखं करून परत बसला.

सूलब्यॉर्गबाई बारक्या, साठीच्या, हातमोजे गळ्यात दोरीने अडकवलेल्या. त्यांनी आधी 'वीन'चं कौतुक केलं. ओनुन मागे वळून वळून लोकांचे चेहरे पाहत होता.

"आता टाड," बाई म्हणाल्या. "हा शब्द जुन्या भाषेत नीट ठाऊक आहे. टाड म्हणजे शेणखत."

सभागृहात कॉफी ढवळणारे चमचे थांबले.

"टाडवीन म्हणजे शेणखत घातलेलं कुरण. हसण्यासारखं काही नाही," बाई म्हणाल्या, जरी कोणी हसलेलं नव्हतं. "उलट फार चांगलं नाव आहे. इथे गवत उत्तम येतं, एवढी खात्रीची माहिती दीड हजार वर्षं टिकवून ठेवणारं दुसरं काय असतं?"

"सरदार असण्याची काही शक्यता?" ओनुनने बसल्या जागेवरून विचारलं.

"असला तर तो शेणाचा सरदार," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावर चर्चच्या वहीचं पान दाखवलं. "आणि ही आपल्या कार्यवाहांच्या पणजोबांची नोंद. टाडवीनऐये. आज आपण 'ऐये' म्हणजे मालकी म्हणतो. पण त्या काळच्या पाद्र्यांच्या वहीत शेताच्या नावाला 'ऐये' चिकटलं की अर्थ बरोबर उलटा व्हायचा. टाडवीनऐये म्हणजे टाडवीनच्या मालकीच्या तुकड्यावर राहणारा. झोपडीपुरती जागा, आणि त्या बदल्यात मालकाच्या शेतात राबायचं. थोडक्यात, हॉल्वोर हे टाडवीनचे कूळ होते."

चाळीस वर्षं माणूस आपलं कूळ शोधत होता. सापडलं ते असं सापडलं.

बाईंना थांबायचं कुठे ते कळत नव्हतं, अभ्यासकांना ते कधीच कळत नाही. हॉल्वोर १८५९ साली शेजारच्या दरीतून आला, त्या आधी तो दुसऱ्या शेतावर होता आणि तेव्हा त्या शेताचं नाव लावायचा, टाडवीनचे खरे मालक पुढे सगळं विकून अमेरिकेला गेले आणि तिकडे त्यांनी जॉन्सन हे नाव घेतलं, असं सगळं त्यांनी कागदांनिशी दाखवलं. "म्हणजे बघा, हॉल्वोरचं रक्त टाडवीनचं नव्हतंच. तो तिथे राहायला आला, राबला, आणि लोक त्याला त्या नावाने हाक मारायला लागले. आपली बहुतेक आडनावं अशीच आली आहेत."

आता सगळे वाइदोतासकडे बघत होते. वाइदोतास आपल्या बुटांकडे बघत होता.

लापशीच्या रांगेत ओनुनने शेजारच्या शेतावरच्या म्हाताऱ्या तारयेईला गाठलं. "ही 'ऐये'ची भानगड तुला माहीत होती?"

"होय तर. माझ्या वडिलांनाही माहीत होती."

"आणि बाकीच्यांना?"

तारयेईने रांगेवरून नजर फिरवली. "ते परवा राहायला आलेले डेन्मार्कवाले सोडून सगळ्यांना."

"मग चाळीस वर्षांत एकानेही तोंड उघडलं नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मास्तर," तारयेई म्हणाला आणि लापशीवर दालचिनी भुरभुरवली. "शिवाय आमच्या पोरांचं गणित तुमच्या हातात होतं. पुढे आमच्या नातवंडांचं आलं. आणि थाळी चांगली दिसते, ते आहेच."

घरी आल्यावर ओनुनने थाळी काढून कपाटामागे ठेवली. भिंतीवर एक पांढरा गोल तेवढा राहिला. पहिले चार दिवस त्याला हॉल्वोरची लाज वाटली. उंबऱ्यात टोपी काढून उभा राहणारा, दुसऱ्याचं गवत वाहणारा पणजोबा त्याच्या एकशे चाळीस पानांत कुठे बसतच नव्हता. मग त्याला स्वतःचीच लाज वाटायला लागली, आणि ही जास्त वाईट होती, कारण ती उतरेना. फॉर्म टेबलावरच होता. सही करायला हात धजत नव्हता. आता सही केली तर लोक म्हणणार, शेणखताने मास्तरांना शहाणपण आलं. म्हणून त्याने केलीच नाही. मार्च असाच गेला.

एप्रिलच्या सुरुवातीला तो फॉर्म कोटाच्या खिशात घालून गुडवेगला भेटायला वृद्धाश्रमात गेला. ती खिडकीशी बसून तपकिरी चीज लावलेली वॅफल खात होती.

"सही केलीस का त्या पोराला?" तिने आल्या आल्याच विचारलं.

"तुला माहीत होतं का, आपला पणजोबा कूळ होता ते?"

"आईने सांगितलं होतं. तू तेव्हा सरदाराचं चित्र काढत होतास, म्हणून तुला नाही सांगितलं." तिने बोटं पुसली. "ओनुन, इथे मला सगळे गुडवेग म्हणतात. मी मेले की दगडावर टाडवीन लिहितील, तू मेलास की तुझ्या. मग आयविंडच्या. संपलं. पुढे ते नाव फक्त दगडांना राहील. तिकडे तीन पोरी आहेत, त्यांना शाळेत त्या नावाने हाक मारतात. अजून काय हवं तुला?"

ओनुनने कोट चढवला. त्याला एकदम फार वाईट वाटलं, हॉल्वोरबद्दल, आणि आपण दारातून विन्मुख पाठवलेल्या माणसाबद्दल. हॉल्वोरला दीडशे वर्षांपूर्वी कोणी 'राहणं वेगळं आणि असणं वेगळं' असं ऐकवलं असतं, तर आपल्याला हे नाव तरी मिळालं असतं का? गाडीत बसल्या बसल्या त्याने स्टिअरिंगवर फॉर्म ठेवून सही केली. मग मनात हिशेबही केला, कारण गणिताचा मास्तर शेवटी गणिताचाच. तीन अधिक पाच, आठ. जानेवारीत पडद्यावर पुन्हा आकडा दिसणार होता.

तसाच तो गाडी घेऊन टाडवीनला गेला. बर्फ वितळून वाटेचा चिखल झाला होता आणि शेतावर शेणखत पसरणं चालू होतं. युर्गिताने दार उघडलं. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली. वाइदोतास मेंढ्यांकडे होता. मधली मुलगी टेबलाशी भागाकार करत होती.

ओनुनने फॉर्म उलगडून टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी सपाट केला. "सही आणली आहे," तो म्हणाला. "उशीर केला मी. आणि त्या दिवशी जे बोललो ते चुकीचं होतं. वाइदोतासला तसं सांगा. नको, मीच सांगतो त्याला."

युर्गिताने सही बघितली. मग तिने तो हळूच त्याच्याकडे परत सरकवला.

"मास्तर, आमचं झालं हो," ती म्हणाली. "धाकटीचा पासपोर्ट करायचा होता, थांबता येईना. ऑफिसातली बाई म्हणाली, दोनशेच्या वरचं कुठलंही नाव घ्या, लगेच होईल. गोठ्यामागे ते टेकाड आहे ना, मग आम्ही हाउगेन घेतलं. मंगळवारी पत्रही आलं."

"हाउगेन?" ओनुन म्हणाला. हाउगेन म्हणजे टेकाड. "अहो, पण हाउगेन तर हजारांनी आहेत या देशात."

"हो ना. त्यामुळे किती सोपं. आणि पोरींना आवडलंय."

"हाउगेन दोन सेकंदांत लिहिता येतं," मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली.

ओनुनने फॉर्मची घडी घातली. घडी नीट बसेना, म्हणून पुन्हा उलगडून घातली. बाहेर वाइदोतास ट्रॅक्टर चालू करत होता. युर्गिताला तो तसा बसलेला बघवेना. चुलतभाऊ तिकडे किनाऱ्यावर, बहीण वृद्धाश्रमात, पोरगी हान्सेन झालेली, हे तिला सगळं ठाऊक होतं. तिने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"तुम्ही पण हाउगेन घ्या की, मास्तर," ती अगदी मायेने म्हणाली. "त्याला कोणाची सही लागत नाही."